ताज्या रंगाचें पांघरूण

मोटारीच्या रंगाची चर्चा ह्या मासिकाच्या पानांत कोठून आली, असें आमच्या कित्येक वाचकांस, विशेषतः वाचक-भगिनींस, वाटल्यावांचून राहणार नाहीं. परंतु हा विषय आमच्या घरीं कारखान्यांतून आला नाहीं, तो गोधड्यांच्या कपाटांतून आला. आणि त्यापायीं घरांत जें कांहीं झालें तें सांगितल्याशिवाय पुढील मजकूर नीट कळावयाचा नाहीं.

आम्ही पिंपळे सौदागर येथें राहतों. पवना नदीच्या ह्या तीरावर आज बारा-बारा मजली इमारती उभ्या आहेत. आमच्या लहानपणीं येथें शेतें होतीं. पलीकडे पिंपरीस १९५४ सालीं पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, पुढें १९६६ च्या सुमारास टेल्कोनें पुण्याचें काम हातीं घेतलें, आकुर्डीस बजाजच्या स्कूटरी होऊं लागल्या, आणि पाहतां पाहतां हा सारा मुलूख पत्रा, पोलाद आणि रंग ह्यांचा झाला. आमचे तीर्थरूप पेनिसिलिनच्या त्या कारखान्यांत नोकरीस होते. १९८५ सालीं त्यांनीं प्रीमियर पद्मिनी गाडी घेतली. त्या काळीं मोटार विकत घेणें म्हणजे दुकानांत जाऊन पैसे मोजणें नव्हे. नांव नोंदवावयाचें, पैसे भरावयाचे आणि मुलीचें लग्न ठरण्याची वाट पाहावी तशी वाट पाहावयाची. फिकट निळ्या रंगाची ती गाडी घरीं आली त्या दिवशीं मातोश्रींनीं तिची दृष्ट काढली होती, तें आम्हांस अजून आठवतें.

कुर्ल्याच्या कारखान्यांत पद्मिनी होण्याचें थांबलें त्यालाहि आतां पंचवीस वर्षें होत आलीं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांतील शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबर-अखेर रस्त्यावरून उतरली. आमची मात्र, दर पांच वर्षांनीं नोंदणीचें नूतनीकरण करीत करीत, टिकून राहिली होती. चालत होती फारशी नाहीं, परंतु होती.

२०२४ च्या भाद्रपदांत तीर्थरूपांचें सहस्रचंद्रदर्शन ठरलें. काय पाहिजे, असें मुलांनीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "मला आपल्या गाडींतून चिंचवडला मोरया गोसावींच्या दर्शनाला न्या." दुसरें कांहीं मागितलें नाहीं. गाडीचा रंग तर उन्हापावसानें पार गेलेला. तेव्हां कुटुंबांत वर्गणी झाली आणि मे महिन्याच्या अखेरीस बॉनेट, डिकीचें झाकण आणि चारी दरवाजे सोडवून एका रंगकामाच्या दुकानीं पोहोंचते केले. रंग तोच, फिकट निळा, ठेवला. (रंग बदलावयाचा झाल्यास परिवहन कार्यालयास कळवून नोंदणीपुस्तकांत तशी नोंद करून घ्यावी लागते, पुष्कळांस हें माहीत नसतें.) दुकानीं जागा अपुरी असल्यामुळें तिसऱ्याच दिवशीं तीं सहाही अंगें आमच्या घरीं परत आलीं. गाडीच्या सांगाड्याचें काम अजून बाकी होतें. त्यांतच आकाश भरून येऊं लागलें.

आतां पुढें जें घडलें त्यांत प्रत्येकाचा हेतु चांगला होता हें प्रथम सांगून ठेवतों. तळमजल्यावरील गाड्यांच्या जागेंत एका कोपऱ्यांत दरवाजे एकावर एक आडवे रचले गेले. मध्यें घांसूं नयेत म्हणून वर्तमानपत्रें घालण्याची कल्पना आमची. बॉनेट वर ठेवून त्यास नव्या शीतकपाटाबरोबर आलेल्या फुगेदार प्लॅस्टिकनें गुंडाळलें तें आमच्या पुतण्यानें. आमच्या बंधूंनीं सगळ्यावर गच्च ताणून एक मोठा प्लॅस्टिकचा कागद बांधला. आणि मातोश्रींनीं, बिचारीं ताजीं अंगें आहेत, ठेंच लागेल, म्हणून त्या कागदाच्या आंत दोन जुन्या गोधड्या सारल्या. डिकीचें झाकण तेवढें जिन्याखालीं भिंतीला टेकून राहिलें. त्याची आठवण कोणालाच झाली नाहीं.

सतरा दिवसांनीं तो गठ्ठा सोडला. मध्यंतरीं दोन जोराच्या सरी येऊन गेल्या होत्या. बॉनेटवर ओळींत ओळीनें वाटोळे ठसे उमटले होते, जणूं कोणीं पळीनें पळीनें ठिपके द्यावेत. एका दरवाज्यावर गोधडीची वीण आणि तिचे टांके. दुसऱ्यावर वर्तमानपत्राचीं उलटीं अक्षरें, त्यांत एका जाहिरातीचा मथळा आरशांत धरल्यास वाचतां यावा इतका स्पष्ट. मागच्या डाव्या दरवाज्याच्या खालच्या भागावर मोहरीएवढे फोड आलेले. सर्वत्र एक दुधट झांक. तीर्थरूप काठी टेकीत खालीं आले, त्यांनीं बॉनेटावरून बोटें फिरविलीं आणि ते कांहीं न बोलतां वर निघून गेले. त्या संध्याकाळीं ते जेवले नाहींत. घरांत मग जें व्हावयाचें तें झालें: कागद कोणाचा, गोधडी कोणाची, सांगितलें कोणीं. दोन सदनिकांमधील उघडीं असणारीं दारें त्या रात्रीं बंद होतीं.

आणि जिन्याखालचें डिकीचें झाकण? त्यावर बोटभर धूळ बसली होती. ओल्या मऊ फडक्यानें धूळ काढली, तों खालीं आरशासारखा लख्ख रंग.

दुसऱ्या दिवशीं दुकानचे वयस्क मिस्त्री आले. त्यांनीं प्रथम पत्रा पाहिला नाहीं, वास घेतला. मग मातोश्रींकडे वळून म्हणाले, "आजी, तव्यावरची गरम भाकरी लगेच डब्यांत घालून झाकण लावलं, तर काय होतं?"

"घाम येतो. भाकरी ओली होते," मातोश्री म्हणाल्या.

"मग ही भाकरी अजून गरमच होती."

आमच्या मतें ह्या एका वाक्यांत ह्या विषयाचें अर्धें शास्त्र येऊन गेलें. उरलेलें अर्धें आम्हीं मागाहून मिस्त्रींकडून, रंगाच्या डब्यांबरोबर मिळणाऱ्या माहितीपत्रकांतून आणि चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आमच्या पुतण्याकडून गोळा केलें. तें येथें देतों.

मराठींत "सुकणें" आणि "मुरणें" हे दोन निरनिराळे शब्द आहेत, ही आपल्या भाषेची मोठी सोय होय. लोणच्यावर बोट ठेवून तें मुरलें कीं नाहीं हें कळत नाहीं, तसेंच रंगाचें. हाताला लागेनासा झाला म्हणजे रंग सुकला. परंतु मुरला असें नव्हे. वरचा पापुद्रा घट्ट झाला तरी खालच्या थरांतील थिनर अजून बाहेर पडावयाचें असतें आणि रंगाचे कण एकमेकांशीं जोडले जावयाचे असतात. हें काम कसें होतें तें रंगाच्या जातीवर अवलंबून आहे.

जुन्या घोडागाड्यांना आणि पहिल्या मोटारींना जवसाच्या तेलाचें व्हार्निश कुंचल्यानें हात-हात देऊन लावीत. तें हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होई. एकेका गाडीस कित्येक आठवडे लागत. मोटारी हजारांनीं बनूं लागल्यावर एवढी वाट पाहणें परवडेना. हेन्री फोर्डनें १९१४ पासून १९२५ पर्यंत आपली प्रसिद्ध गाडी फक्त काळ्या रंगांत विकली, त्याचें एक कारण भट्टींत भाजून लवकर घट्ट होणारें काळें रोगण हेंच सांगतात. १९२४ सालीं अमेरिकेंतील ओकलंड नांवाच्या गाडीवर ड्यूपाँ कंपनीचा "ड्यूको" हा नवा रंग आला. तो नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे बंदुकीच्या दारूच्या भावकींतला. त्यांतील थिनर उडालें कीं कांहीं तासांतच तो सुके. ह्या रंगाचें नांव आपल्याकडे इतकें रुजलें कीं सुतार आणि फर्निचरवाले अजूनहि फवारून दिलेल्या गुळगुळीत रंगास "ड्यूको" म्हणतात, मग डब्यावर नांव कोणतेंहि असो. त्यानंतर एनॅमल आलें, तें पुन्हा हवेनें घट्ट होणारें. आणि आज मोटारींच्या दुकानांत मुख्यतः चालतो तो दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग: एका डब्यांत रंग किंवा वरचा पारदर्शक "क्लिअर", दुसऱ्यांत हार्डनर. हे दोन एकत्र केले कीं त्यांचा परस्परांशीं रासायनिक संयोग सुरू होतो आणि एक कठीण जाळें विणलें जातें. पॉलियुरेथेनची ही विद्या जर्मनींत ओटो बायर ह्यांनीं १९३७ सालीं शोधली.

आतां ह्यांतून निष्पन्न काय होतें तें पाहूं. नायट्रोसेल्युलोजच्या रंगास थिनर बाहेर टाकावयाचें असतें. एनॅमलास हवा आंत घ्यावयाची असते. पॉलियुरेथेनला थिनर टाकून जाळें विणावयाचें असतें. तिघांचीहि रीति वेगळी, परंतु तिघांसहि अंगावर मोकळी हवा पाहिजे. त्यांवर प्लॅस्टिक घट्ट बसविलें म्हणजे बाहेर निघणारी थिनरची वाफ तेथेंच कोंडते आणि पापुद्र्यास पुन्हा मऊ करते. मऊ झालेल्या रंगावर जें टेकेल त्याचा ठसा उमटतो: फुग्यांचा फुगे, गोधडीचा टांके. वर चार दरवाज्यांचें ओझें असेल तर विचारूंच नका. शिवाय पुष्कळशा मऊ, लवचिक प्लॅस्टिकांत तें लवचिक राहावें म्हणून तेलकट द्रव्यें घातलेलीं असतात. तीं हळूहळू रंगांत उतरतात आणि कायमचा चिकटपणा किंवा डाग ठेवतात. काळ्या रबराचेंहि तसेंच. फिकट रंगावर रबराची पट्टी महिनाभर टेकून राहिली तर तपकिरी छाया उमटते, ती कांहीं केल्या जात नाहीं.

दुसरा शत्रु पाणी. पावसाळ्यांत पुण्याकडील हवा सकाळीं ओलीचिंब असते. रात्रीं पत्रा गार पडतो, पहाटे त्यावर दव धरतें. वर प्लॅस्टिक असेल तर त्या दवास जावयास वाटच राहत नाहीं. रंग फवारतांना थिनर उडून पत्रा आणखी गार होतो आणि हवेंतील ओल त्यावर बसून रंग दुधट होतो, हें नायट्रोसेल्युलोज वापरणाऱ्या मिस्त्रींच्या रोजच्या परिचयाचें आहे. हार्डनरचा रंग तर पाण्याशीं स्वतःच संयोग पावतो आणि त्यांतून कर्बद्विप्राणिद वायूचे सूक्ष्म बुडबुडे निघतात. म्हणूनच पत्र्याचें तापमान दवबिंदूपेक्षां निदान ३ अंशांनीं अधिक असल्याशिवाय फवारूं नये असा ह्या धंद्याचा नियम आहे. फोड आले त्यांचें कारण मात्र आम्हांस लाजविणारें निघालें. रंगाचा पापुद्रा पाण्यास पूर्णपणें अडवीत नाहीं. खालीं कोठें मिठाचा अंश राहिला असेल तर पाणी त्याच्या ओढीनें आंत शिरतें आणि तेथें फोड येतो. हा मिठाचा अंश कोठून येतो? हाताच्या घामांतून. दरवाजे दुकानीं पोहोंचविल्यावर, रंग देण्यापूर्वीं, "बघूं तरी किती गुळगुळीत झाला आहे" म्हणून ज्यांनीं ज्यांनीं हात फिरविला, त्यांत आम्हीही होतों.

येथें पुतण्यानें एक शंका काढली, आणि ती शंका पुष्कळांच्या मनांत येईल म्हणून तिचा विचार करतों. तो म्हणाला, "काका, आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या नव्या गाड्यांच्या टपावर आणि बॉनेटवर तर पांढरा प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवून पाठवतात. मग आपलंच काय चुकलं?" शंका रास्त आहे. चाकणचा फोक्सवॅगनचा कारखाना २००९ सालीं सुरू झाला. तेथील गाड्या २०१३ पासून थेट मेक्सिकोपर्यंत गेल्या आहेत. समुद्रप्रवासांत, धक्क्यावर, उन्हांत अशा गाड्यांचा रंग राखणें हें सोपें काम नव्हे. परंतु कारखान्यांत गाडीचें सबंध अंग प्रथम टाकींत बुडवून विजेच्या साहाय्यानें प्रायमर चढवितात आणि तें सुमारें १६० ते १८० अंशांवर भाजतात. मग वरचा रंग आणि क्लिअर देऊन पुन्हा १४० अंशांच्या आसपास भाजतात. भट्टींतून बाहेर पडणारा तो रंग थंड झाला कीं मुरलेलाच असतो. त्यावर चिकटविला जाणारा पापुद्राहि त्याच कामासाठीं केलेला, सहज सुटणाऱ्या डिंकाचा असतो. दुकानच्या रंगास एवढी आंच देतां येत नाहीं, कारण गाडींत कांच, रबर, वायरी, गाद्या असतात. चांगल्या दुकानांतील बंद खोलींत पत्रा ६० अंशांपर्यंत तापवून अर्धा तास ठेवतात. तेवढ्यानें रंग हाताळण्याजोगा होतो. ज्या दुकानीं ही सोय नाहीं तेथें नुसत्या हवेवर तो रात्रभर ठेवावा लागतो. दोन्ही बाबतींत पूर्ण मुरण्यास पुढें कांहीं दिवसांपासून कांहीं आठवडे लागतात, आणि साधारणतः एक ते दोन महिनेपर्यंत त्यावर मेण किंवा पॉलिश चढवूं नये असें सांगतात, तें ह्याचसाठीं.

कित्येकजण म्हणतील, मग आमच्या गच्चीवरचें वैशाखाचें ऊन काय वाईट? पत्रा उन्हांत साठ अंशांहूनहि तापतो हें खरें. परंतु ओला रंग एकदम कडक उन्हांत ठेवला तर वरची साय आधीं धरते आणि खालचें थिनर ती फोडून बाहेर येतें. सर्वांगावर टांचणीनें टोंचल्यासारखीं छिद्रें पडतात. दुधाची साय आणि उतू जाणें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको.

आतां ठेवण्याची रीति. पहिली गोष्ट ही कीं, गाडीच्या सुट्या अंगांस सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे गाडीच. शक्य असेल तर तीं परत बसवून टाकावींत. तेथें तीं बिजागरीवर लटकतात, तोंडावर कांहीं टेकत नाहीं. सांगाड्याचें काम व्हावयाचें असल्यानें आम्हांस हें शक्य नव्हतें, म्हणून मिस्त्रींच्या सल्ल्यानें सुताराकडून एक मोठें ताटाळें करून घेतलें. आपल्या स्वयंपाकघरांत ताटें जशीं कडेवर, एकमेकांस न शिवतां उभीं असतात, तशींच हीं अंगें उभीं राहावयाचीं. खालीं लांकडी पट्ट्या, त्यांस जुन्या सतरंजीचे तुकडे आणि त्यांवर धुतलेलें सुती कापड. दोन खणांत एक वीत अंतर. टेंका येतो तो दुमडलेल्या खालच्या कडेवर आणि आंतल्या बाजूवर, रंगविलेल्या तोंडावर कोठेंहि नाहीं. दरवाज्याच्या खालच्या कडेस पाणी निथळण्याचीं छिद्रें असतात, तीं मात्र पट्टीनें बुजूं देऊं नयेत. बॉनेट रुंद व लवचिक असल्यामुळें तें एकट्यानें कधीं उचलूं नये. एका कोपऱ्यानें धरलें तर पीळ बसतो, आणि पत्र्यास बसलेला पीळ रंगास तडा देतो. स्क्रू आणि बोल्ट एका कापडी पिशवींत घालून बिजागरीच्या भोंकांत दोऱ्यानें बांधावे. चिकटपट्टीवर नांवें लिहून रंगावर लावणें हा शुद्ध अविचार होय.

वरचें पांघरूण अंगास शिवतां कामा नये, तें मांडवासारखें असावें. आम्हीं ताटाळ्याच्या चार कोपऱ्यांस चार काठ्या बांधून वर दोऱ्या ताणल्या आणि त्यांवर तीर्थरूपांचें एक जुनें मलमली धोतर पसरलें. धूळ अडते, हवा खेळते. कापड दोनदां साध्या पाण्यांत धुतलेलें, खळ न दिलेलें, आणि हल्लीं कपडे मऊ करण्यासाठीं जें सुगंधी द्रव्य घालतात तें न घातलेलें असावें. त्या द्रव्याचा तेलकट अंश रंगावर उतरतो. जरीकांठ, बटणें, हुक ह्यांना मज्जाव. पहिले कांहीं दिवस तर तेंहि लांबच ठेवावें. छप्पर गळत असेल आणि प्लॅस्टिकशिवाय गत्यंतरच नसेल, तर तें मांडवाच्याहि वर, छपरासारखें, चारी बाजू मोकळ्या ठेवून बांधावें. पैठणी आपण मलमलींत गुंडाळून ठेवतों, प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंडीत नाहीं, हें ज्या घरांत तीन पिढ्या पाळलें गेलें त्या घरांत पत्र्याच्या बाबतींत तेंच ज्ञान आठवूं नये, ह्याचें आम्हांस अजून नवल वाटतें.

जागा कोठली? तळमजल्यावर नको, आमच्या भोंवतीं कोठें ना कोठें इमारत बांधणें चालूच असतें, आणि सिमेंटची बारीक धूळ रंगावर बसून वर ओल लागली तर ती चिकटून बसते व रंग खाते. स्वयंपाकघराच्या बाजूस नको. फोडणीचा तेलकट धूर सर्वत्र पोहोंचतो. आम्हीं गच्चीवरची पत्र्याची नव्हे, स्लॅबची खोली निवडली. खिडक्या दोन, त्यांना बारीक जाळी. जाळी मांजरासाठीं. ताज्या रंगावर मांजर एकदां चाललें कीं तीं पावलें गौरींच्या पावलांसारखीं कौतुकाचीं राहत नाहींत.

मुरलें कीं नाहीं हें ओळखण्याची मिस्त्रींची रीति सोपी आहे. खोलींत शिरल्यावर पत्र्याजवळ नाक नेऊन वास घ्यावा. थिनरचा वास येत असेल तोंवर आंतून वाफ निघत आहे. मग आंतल्या, न दिसणाऱ्या कडेवर नख हलकेंच दाबावें. ठसा राहिला तर अजून अवकाश आहे. हलवाहलव करावयाचीच झाली तर ह्या दोन्ही परीक्षा झाल्यावर, प्रथम मऊ फ्लॅनेल, मग त्याच्यावर घोंगडी, आणि दोरी कडेवरून. तोंडावरून दोरी आवळूं नये.

नुसता प्रायमर देऊन ठेवलेले पत्रे सुरक्षित आहेत असा एक गैरसमज आहे. साधा प्रायमर सच्छिद्र असतो, तो ओल पितो. चार महिने तसा ठेवलेला पत्रा वरून राखी आणि आंतून गंजलेला सांपडतो. इपॉक्सीचा प्रायमर पुष्कळ बरा, तरी तोहि उघड्या पावसासाठीं नव्हे.

एक गोष्ट आम्ही आग्रहानें सांगूं इच्छितों. हार्डनरच्या रंगांत आयसोसायनेट नांवाचीं द्रव्यें असतात. फवारतांना त्यांचे कण श्वासांत गेले तर दमा जडतो, आणि एकदां जडला कीं पुढें अल्पशा वासानेंहि तो उसळतो. साधा कापडी किंवा कोळशाचा मुखवटा ह्यास पुरत नाहीं. नळीनें बाहेरची स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा लागतो. तेव्हां सुटींत पोरांनीं गच्चीवर हौसेनें असा रंग फवारणें हें घरांतल्या मोठ्यांनीं चालूं देऊं नये. जो मिस्त्री आपला पत्रा रंगवितो त्याच्या तोंडावर काय आहे इकडेहि एकदां नजर टाकावी. दर ठरवितांना आपण त्याचा विचार करीत नाहीं. तसेंच ताजीं रंगविलेलीं अंगें निजण्याच्या खोलींत ठेवूं नयेत, आणि देवघरांतील नंदादीपाजवळ तर मुळींच नाहीं. थिनरची वाफ पेट घेते.

आमच्या पत्र्यांचें पुढें काय झालें? तीन दरवाजे बचावले. पंधरवडाभर हवेवर मुरूं दिल्यावर ठसे बरेचसे आपोआप बसले, उरलेले दोन हजार नंबरच्या पाण्याच्या कागदानें घांसून व रबिंग करून गेले. एका दरवाज्यावर तिरप्या उजेडांत वर्तमानपत्राची एक ओळ अजून दिसते. बॉनेटचा वरचा थर काढून पुन्हा द्यावा लागला, तो ह्या वेळीं तापविण्याच्या खोलींत. आषाढांत दोनदां मिस्त्रींनीं हवा पाहून काम नाकारलें. आम्हांस घाई होती, तरी त्यांचें ऐकलें. मागच्या डाव्या दरवाज्यावरचे फोड खरवडतां खालीं गंज निघाला. तो पत्र्यापर्यंत साफ करून, इपॉक्सीचा प्रायमर देईपर्यंत भाद्रपद उजाडला आणि वरच्या रंगास वेळ उरला नाहीं.

ठरल्या दिवशीं सकाळीं गाडी चिंचवडास गेली. पाऊस नव्हता. तीन निळे दरवाजे, चौथा राखी. तीर्थरूप मुद्दाम त्याच दरवाज्यानें आंत बसले. मातोश्रींनीं निघतांना दृष्ट काढली ती मात्र गाडीपासून चांगलें दोन हात लांब उभें राहून, आणि मोहऱ्या-मिठाचा एक कणहि बॉनेटावर पडूं दिला नाहीं.

राखी दरवाजा दसऱ्यानंतर रंगवून आला आणि तीन आठवडे ताटाळ्यांत उभा होता. तो गाडीवर चढल्यावर ताटाळें मोडून त्याच्या फळ्या करण्याचा बंधूंचा विचार होता; परंतु खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनीं आपल्या वडिलांची जुनी चेतक स्कूटर रंगविण्यास काढली आहे. सध्यां तिच्या दोन्ही बाजूंचीं झांकणें आणि पुढचें मडगार्ड आमच्या गच्चीच्या खोलींत उभीं आहेत, वर तेंच धोतर आहे, आणि तीर्थरूप रोज सकाळीं चहा झाल्यावर काठी टेकीत वर जाऊन त्यांचा वास घेऊन येतात. काल त्यांनीं आणखी आठ दिवस सांगितले.